बडोद्याहून स्वतःच्या गाडीने नाशिकच्या वायनऱ्या पाहायच्या आहेत : मार्ग, दिवस आणि चालक यांविषयी सल्ला हवा

बडोदेकर_प्रवासी

आम्ही चौघे जण, म्हणजे मी, पत्नी, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि बारा वर्षांचा मुलगा, जानेवारीच्या अखेरीस बडोद्याहून स्वतःच्या गाडीने नाशिकला येण्याचा विचार करीत आहोत. सहल-कंपनीबरोबर जाण्याची इच्छा नाही, कारण त्यांच्या वेळापत्रकात दुपारी दोन तासांत तीन वायनऱ्या उरकल्या जातात आणि रस्त्याकडेला थांबून एखादा बंधारा पाहण्याची मुभा नसते. सापुताऱ्यावरून उतरून वणी-दिंडोरीमार्गे यावे आणि नाशिकमध्ये तीन रात्री राहावे, असा ढोबळ आराखडा आहे. सासूबाईंना त्र्यंबकेश्वराचे दर्शन घ्यायचे आहे. आम्हा दोघांना वाइनची थोडीफार आवड आहे, जाण मात्र बेताचीच. एका दिवसात किती ठिकाणे पाहावीत, मुलाला आत सोडतात का आणि परतताना चार-सहा बाटल्या आणता येतील का, हे जाणकारांनी सांगावे. प्रजासत्ताक दिनाला जोडून रजा मिळते आहे, म्हणून तेच दिवस धरले आहेत.

गंगापूर_रोड

पहिली दुरुस्ती तारखेची. 26 जानेवारी हा महाराष्ट्रात मद्यविक्रीबंदीचा दिवस असतो, त्यामुळे त्या दिवशी वायनरीत द्राक्षबाग दिसेल, जेवण मिळेल, पण ग्लास मिळणार नाही. जोडून आलेल्या सुट्ट्यांना मुंबई-पुण्याची गर्दी इतकी लोटते की गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. शक्य असल्यास फेब्रुवारीतला मंगळवार ते गुरुवार निवडावा. त्र्यंबकेश्वराला सोमवारी आणि महाशिवरात्रीच्या आसपास फार गर्दी असते, तेही दिवस टाळलेले बरे. शिवाय 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक परिसरात रस्त्यांची कामे काढलेली आहेत, म्हणून नकाशा दाखवतो त्याहून अर्धा-पाऊण तास अधिक धरून निघावे.

आता मुक्कामाविषयी. बहुतेक लोक शहरात, द्वारका चौक किंवा मुंबई नाका यांच्याजवळ हॉटेल घेतात आणि मग रोज गाडीने बाहेर पडतात. मी याच्या उलट सुचवीन. गंगापूर धरणाच्या बाजूला, सुला किंवा सोमा या वायनऱ्यांच्या आवारात अथवा त्यांच्या जवळपास राहावे. सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि त्यानंतर या भागाचे रूप पालटत गेले. जवळच यॉर्क आहे, जी 2021 पासून सुलाच्याच मालकीची आहे, तरी तिथला सज्जा लहान आणि निवांत आहे आणि संध्याकाळी धरणाच्या पाण्यावरचा उजेड तिथून फार सुंदर दिसतो. मुक्काम इथे असला तर चाखणीच्या दिवशी गाडीची किल्ली खोलीतच राहू शकते, आणि माझ्या मते साऱ्या आखणीचा कणा हाच आहे.

याचे कारण हिशेबाने सांगतो. चाखणीत साधारण तीस-तीस मिलिलिटरचे पाच-सहा घोट देतात. सहा घोट धरले तर 180 मिलिलिटर वाइन झाली, आणि तिच्यात बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो. मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमानुसार चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क चालत नाही. साठ किलो वजनाचा माणूस एका चाखणीतच त्या मर्यादेला टेकतो किंवा ती ओलांडतो, मग त्याला स्वतःला कितीही शुद्धीत असल्यासारखे वाटो. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून एका दिवसात दोन वायनऱ्या पुरेत, आणि दोघांपैकी जो गाडी चालवणार असेल त्याने त्या दिवशी केवळ वास घ्यावा. घोट तोंडात घोळवून थुंकण्यासाठी भांडे मागितले तर देतात, त्यात संकोच कसला? पण आपल्याकडे ते कुणी मागत नाही, हे मात्र खरे.

मुलाला आवारात, उपाहारगृहात आणि कारखाना दाखवण्याच्या फेरीत सहसा येऊ देतात, तरी आरक्षण करताना वय सांगून खात्री करून घ्यावी. वाइन मात्र 21 वर्षांखालच्या कोणालाही मिळत नाही.

बागाईतदार_दिंडोरी

आपण वणी-दिंडोरीमार्गे येणार आहात, म्हणजे आमच्याच दारावरून जाणार आहात. माझी चार एकर द्राक्षे आहेत, त्यांपैकी दीड एकर वाइनची, करारावर. वायनरीच्या फेरीत टाक्या आणि पिंपे दाखवतात, पण बागेत काय चालते ते घाईघाईने सांगून मोकळे होतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

युरोपात द्राक्षतोड साधारणपणे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात होते. आमच्याकडे त्यातला बराच काळ पावसाचा असतो आणि बागेवर डावणी व भुरी या बुरशीजन्य रोगांची टांगती तलवार असते. म्हणून वर्षातून दोन छाटण्या करतो. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि पावसाळा सरतानाची गोडी छाटणी फळासाठी. छाटण्या दोन असल्या तरी पीक एकच, आणि ते जानेवारी ते मार्च या काळात हाती येते. म्हणूनच आपण फेब्रुवारीत आलात तर तोडणी प्रत्यक्ष पाहायला मिळेल, तर नोव्हेंबरात आलेल्या पाहुण्याला कोवळे घड आणि फवारणीचा वास एवढेच मिळते.

वाटेत दोन्ही प्रकारच्या बागा दिसतील. खायच्या द्राक्षाचा मांडव उंच, घड लांब, मणी मोठे आणि बिनबियांचे असतात. वाइनच्या शिराझ किंवा काबर्ने सोविन्योंचे मणी वाटाण्याएवढे, जाड सालीचे आणि बियांचे असतात. खाऊन पाहिलेत तर गोडी अधिक लागेल, आणि याचेच लोकांना आश्चर्य वाटते. खायचे द्राक्ष आम्ही साधारण अठरा ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचे माप) आसपास तोडतो, तर वाइनचे बावीस ते चोवीसपर्यंत जाऊ देतो, कारण हीच साखर पुढे मद्यार्क होते. तोडणी पहाटे उरकतात, ऊन चढल्यावर तापलेला माल वायनरीपर्यंत पोचताना वाटेतच आंबू लागतो. तोडणी पाहायची असेल तर सातच्या आत या, अकराला येऊन केवळ रिकामे क्रेट दिसतील.

एक विनंती आहे. रस्त्याकडेच्या बागेत न विचारता शिरू नये आणि घड तोडून तोंडात घालू नये. यात चोरीचा प्रश्न दुय्यम आहे, फवारणीनंतर किती दिवस झाले हे आपल्याला ठाऊक नसते हा मुख्य प्रश्न आहे. हाक मारलीत तर बहुतेक शेतकरी स्वतः आत नेऊन दाखवतील आणि चहाही पाजतील.

घोटी_मार्गे

वरील दोन्ही उत्तरांना जोडून तिसऱ्या दिवसाचा फेरा सुचवतो. सकाळी लवकर त्र्यंबकेश्वर गाठावे, नाशिकहून ते तीसेक किलोमीटर आहे. दर्शन आटोपल्यावर आल्या वाटेने परतण्याऐवजी घोटीकडे जाणारा रस्ता धरावा. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी मागे पडतात, भाताची कापलेली खाचरे लागतात आणि या रस्त्यावर आमच्या गाडीत नेहमीच गप्पा थांबतात. घोटीच्या अलीकडे-पलीकडे इगतपुरी तालुक्यात दोन वायनऱ्या आहेत, सांजेगावची ग्रोव्हर झांपा आणि मुकणे धरणाच्या पाण्याजवळची व्हॅलोने. दुसरी लहान आहे, तिथे दुपारचे जेवण सावकाश घ्यावे. दोन्हीकडे आधी दूरध्वनी केल्याशिवाय जाऊ नये. आम्ही एकदा (या दोहोंपैकी नव्हे, दुसऱ्याच एका ठिकाणी) आरक्षण न करता गेलो, आणि खाजगी समारंभामुळे फाटकावरूनच परत पाठवले गेलो. परतीला मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक सरळ लागते.

बाटल्यांविषयी मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा 1960 नंतर दोन्ही राज्यांकडे आला, पण गुजरातने बंदी कायम ठेवली. परवान्याशिवाय एक सीलबंद बाटलीदेखील सापुताऱ्याच्या नाक्यापलीकडे नेणे हा गुन्हा आहे आणि गाडीही जप्त होऊ शकते. "वाइनच तर आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. जेवढ्या घ्याल तेवढ्या मुक्कामीच संपवाव्यात किंवा महाराष्ट्रातल्या नातलगांकडे द्याव्यात. त्याही दिवसभर डिकीत ठेवू नयेत. फेब्रुवारीच्या उन्हात आमच्या एका बाटलीचे बूच वर सरकले होते आणि आतली शेनिन ब्लां उकडलेल्या सफरचंदासारखी लागली.

बडोदेकर_प्रवासी

सर्वांचा आभारी आहे. सीमेचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, आणि बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाने असे म्हणावे हे थोडे लाजिरवाणेच आहे. रजा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हलवली आहे. पहिल्या दिवशी दिंडोरीमार्गे येऊन गंगापूर धरणाजवळ मुक्काम, दुसऱ्या दिवशी गाडी जागेवर ठेवून जवळच्या दोन वायनऱ्या, तिसऱ्या दिवशी त्र्यंबक-घोटीचा फेरा, असे ठरते आहे. त्या फेऱ्यात गाडी मी चालवीन, कारण पत्नीच्या मते आमच्यापैकी चव तिलाच कळते. बाटल्या घ्यायच्या नाहीत. त्याऐवजी बेदाणे आणि द्राक्षांच्या पेट्या नेऊ. बागाईतदार महोदय, पहाटे सातची तोडणी पाहायला मुलगा आतापासून तयार आहे. दिंडोरीत त्या वेळी उघडे असणारे चहाचे एखादे ठिकाण सांगाल का?

बागाईतदार_दिंडोरी

ठिकाण कशाला शोधता, तोडणीच्या दिवशी बांधावर सहा वाजल्यापासून चूल पेटलेली असते. येण्याच्या दोन दिवस आधी इथेच निरोप टाका, कोणत्या बागेत तोड आहे ते कळवतो. थंडी असेल, सासूबाईंसाठी शाल आणावी.