अटॅकनंतर ठोके चुकतात: मेटोप्रोलॉल पुरे की अमिओडॅरोन हवं?

रंकाळाकाठचा: वडिलांना गेल्या वर्षी अटॅक आला, दोन स्टेंट आहेत. सकाळी रंकाळ्यावर फिरताना मध्येच कठड्यावर बसतात आणि मनगटावर दोन बोटं टेकवून नाडी मोजत राहतात. होल्टरमध्ये (अंगाला लावून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) जादा ठोके भरपूर निघाले, तरी डॉक्टरांनी नुसतं मेटोप्रोलॉल (हृदयाचा वेग कमी करणारी बीटा-ब्लॉकर गोळी) वाढवलं. शेजारच्या काकांना अमिओडॅरोन दिलंय, त्यांचे ठोके महिन्यात सरळ झाले. ठोके चुकतायत तर ते थांबवणारंच औषध द्यायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

राजारामपुरीतली फार्मासिस्ट: दादा, एकेकाळी डॉक्टरांनाही असंच वाटायचं. म्हणून अमेरिकेत कास्ट चाचणी झाली. अटॅक येऊन गेलेले, गोळीने ठोके थांबतात हे आधी तपासलेले 1,498 जण. निम्म्यांना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड ही ठोके थांबवणारी औषधं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. 1991 च्या अहवालात औषध घेणाऱ्यांत 63 मृत्यू, न घेणाऱ्यांत 26. होल्टरचा कागद स्वच्छ, आणि माणसं जास्त गेली! उलट 1981 च्या प्रोप्रानोलॉल चाचणीत मृत्यू 9.8 टक्क्यांवरून 7.2 वर आले. मेटोप्रोलॉल त्याच बीटा-ब्लॉकर घराण्यातलं.

रंकाळाकाठचा: पण ताई, ती औषधं वेगळी. अमिओडॅरोनने तर असं झालं नाही ना?

राजारामपुरीतली फार्मासिस्ट: नाही झालं. 1997 च्या दोन चाचण्यांत ठोक्यांमुळे होणारे मृत्यू घटले, पण एकूण मृत्यू घटले नाहीत. त्यात थायरॉइड, फुफ्फुस, लिव्हर सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

उत्तरेश्वर पेठ: मला हे पटत नाही. आईला व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून सुटणारी धोकादायक वेगवान धडधड) होऊन ती स्वयंपाकघरात कोसळली, हातातला चहा अंगावर सांडला. छातीत आयसीडी (शॉक देऊन असे ठोके थांबवणारं मशीन) बसवलं, तरी मशीनचे शॉक बसायचे. रात्री झोपायला घाबरायची. अमिओडॅरोन सुरू केल्यावर शॉक थांबले. आता थायरॉइडची गोळी लागते, दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो, चालतंय की! आकडे सांगून लोकांना या औषधाची भीती घालू नका.

राजारामपुरीतली फार्मासिस्ट: तुमच्या आई तशा आजारात होत्या, तिथे ते द्यायलाच हवं. दादांच्या वडिलांना चक्कर, बेशुद्धी काही आहे का? इकोत (हृदयाची सोनोग्राफी) पंपिंग किती?

रंकाळाकाठचा: चक्कर नाही. पंपिंग 52 टक्के.

राजारामपुरीतली फार्मासिस्ट: चक्कर नाही, पंपिंगही ठीक आहे, मग मी तरी अमिओडॅरोनचा हट्ट धरणार नाही. मेटोप्रोलॉल मात्र त्यांना मनाने एकदम बंद करू देऊ नका.

उत्तरेश्वर पेठ: चक्कर आली तर त्याच दिवशी दाखवा. आम्ही चार दिवस थांबलो होतो.