देशाची घटना मोठी की युरोपचा कायदा?

काठावरचा: युरोपीय संघाच्या करारातलं कलम ४(२) म्हणतं, सदस्य देशांच्या घटनेत रुजलेली राष्ट्रीय ओळख संघाने जपावी. माझ्या मते हे कलम हवंच. ऑस्ट्रियाचं प्रकरण बघा. तिथे १९१९ सालीच सरदारकीच्या पदव्या कायद्याने बाद झाल्या. एका ऑस्ट्रियन बाईंना जर्मनीत दत्तक घेतलं गेलं आणि नावापुढे भारदस्त 'फ्युर्स्टिन फॉन' (जर्मनमधली राजघराण्यातल्या बाईंची पदवी) लागलं. बाईंचा धंदा किल्ले-वाडे विकण्याचा, म्हणजे नाव कामाचंच! पंधरा वर्षांनी व्हिएन्नाने नोंदीतून ते काढलं. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २०१० साली ऑस्ट्रियाची बाजू उचलून धरली. मुक्त संचाराच्या हक्काला बाध येतो खरा, पण हा देश प्रजासत्ताक आहे आणि ती त्याची ओळख आहे.

तिरकस: असहमत. ऑस्ट्रियाने लक्झेंबर्गला पटवून दिलं. पोलंडने काय केलं? ७ ऑक्टोबर २०२१ ला सत्ताधाऱ्यांनी आपली माणसं बसवलेल्या घटना न्यायाधिकरणाकडून निकाल आणवला, की करारातली काही कलमं पोलिश घटनेत बसत नाहीत. कशासाठी? न्यायाधीशांना वठणीवर आणणारं, तिथल्या सर्वोच्च न्यायालयातलं शिस्त-दालन वाचवायला. ही कसली ओळख?

सुमेधा_प: पोलंडचं उदाहरण देऊन विषय संपत नाही. १९७४ साली मक्याच्या पिठाच्या निर्यात-अनामतीचा वाद कार्ल्सरूहला, जर्मन घटना न्यायालयात गेला. युरोपकडे मूलभूत हक्कांची सनद नाही तोवर तुमचे कायदे आम्ही तपासणार, असं त्यांनी ठणकावलं. लक्झेंबर्गने हक्कांचं मनावर घेतलं ते या दबावामुळेही, आणि १९८६ साली कार्ल्सरूहने तपासणी आवरती घेतली. (संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येत नाही, असं सांगणाऱ्या आपल्या केशवानंद निकालामागेही, घटनेचा गाभा बदलू न देणाऱ्या जर्मन घटनेच्या कलम ७९(३)ची सावली आहेच. फक्त आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या डोक्यावर दुसरं कोर्ट नाही.)

तिरकस: आणि ५ मे २०२०? युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीवर लक्झेंबर्गने दिलेला निकाल त्याच कार्ल्सरूहने धुडकावला. वॉर्साच्या हाती कोलीत कुणी दिलं मग?

काठावरचा: तो निकाल ओळखीवर नव्हता हो, बँकेने आणि लक्झेंबर्गने अधिकारमर्यादा ओलांडली यावर होता.

तिरकस: हा फरक वकिलांपुरता. बाकीच्यांनी एवढंच ऐकलं, की लक्झेंबर्गचं ऐकलं नाही तरी चालतं.

सुमेधा_प: पण चाललं कुठे? मध्यवर्ती बँकेने कागद पुरवले, जर्मन संसदेने जुलैमध्ये समाधान व्यक्त केलं, खरेदी सुरूच राहिली. युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, जर्मनीविरुद्ध उघडलेली कारवाईही बर्लिनच्या लेखी हमीवर डिसेंबर २०२१ ला मिटली. पोलंडने लक्झेंबर्गचा आदेश येऊनही ते शिस्त-दालन थांबवलं नाही, म्हणून रोज दहा लाख युरोचा दंड बसला.