मुलींच्या अँटिबॉडी दोन वर्षांत एवढ्या खाली?

पिपेटवाली:
एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू) लशीच्या अभ्यासात एलायझा, म्हणजे रंगावरून अँटिबॉडी मोजायची चाचणी, लावते. मुली ९ ते १४ वयाच्या, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. ७व्या महिन्याच्या सीरमच्या (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवाच्या) चाचणीत शेवटी आम्ल घालताच प्लेटमधले खळगे एवढे पिवळेधमक झाले की रंग मोजणाऱ्या रीडरच्या मापापलीकडे गेले, सीरम आणखी पातळ करून परत लावावं लागलं. त्याच मुलींचं २४व्या महिन्याचं सीरम मात्र फिक्कट, म्हणजे अँटिबॉडी कमी. सर विचारतात, "लस टिकत नाही असं लिहायचं का?" माझा हात चुकला की घसरण खरी? (या नमुन्यांवर जीव आहे. एक मुलगी सुईला घाबरली नाही, पण पट्टी लावताना भोवळ येऊन पडली. तेव्हापासून सगळ्यांचं रक्त आडवं झोपवूनच घेतो.)

सीरमबाबा:
खरी असणार. ७व्या महिन्यातलं शिखर बरंचसं प्लाझ्माब्लास्टांचं, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या अल्पायुषी पेशींचं. ते मेले की उरतात अस्थिमज्जेत ठाण मांडलेल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. म्हणून दीड-दोन वर्षं आकडा उतरतो, मग वर्षानुवर्षं जवळपास सपाट. एका डोसवाल्यांची ही सपाटी आणखी खाली असते, तरी संरक्षण टिकलेलं दिसलं. म्हणूनच २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल म्हटलं. दोन बिंदूंवरून "टिकत नाही"? सरांना सांगा, थोडं थांबा.

पिपेटवाली:
मग तुलना कशाशी करू?

लॉगवाली:
तीन डोस घेतलेल्या १६ ते २६ वयाच्या तरुणींशी. रोग टळतो हे त्यांच्यात दिसलंय. बारा वर्षांच्या मुलीत ते बघायला किती वर्षं थांबणार? म्हणून अँटिबॉडीच ताडून बघायच्या. दोन्ही गटांच्या भूमितीय सरासरीचं (आकड्यांच्या लॉगवरून काढलेल्या सरासरीचं) गुणोत्तर काढा, मुली भागिले तरुणी. ९५% विश्वासमर्यादेची खालची बाजू ०.६७ च्या वर हवी, ही नेहमीची अट. साधी सरासरी नको, एखादीचा फार मोठा आकडा सगळ्यांना ओढून नेतो. आणि "इतक्या टायटरला (अँटिबॉडीच्या प्रमाणाला) संरक्षण" असा आकडा कुणी ठरवलेला नाही. लस घेऊनही संसर्ग झालेल्या इतक्या कमी, की रेघ ओढणार कुठे?

सीरमबाबा:
एकाच मुलीचे ७ आणि २४ एकाच प्लेटवर लावा, संदर्भ सीरम तेच. फ्रीझरला दोष देऊ नका, आयजीजी, म्हणजे आपण मोजतो ती अँटिबॉडी, चिवट असते.

पिपेटवाली:
लावलं. ७चे आकडे जुन्याशी जुळले, २४चे खालीच. सरांनी ते वाक्य खोडलं, ३६व्या महिन्यासाठी फोन करायला सांगितलेत. भोवळवालीच्या आईचा पहिला प्रश्न: "या वेळीही झोपवूनच घेणार ना?"