पाच-साडेपाच लाखांत जुनी फॅमिली गाडी : सात सीट नकोत, सरळ डिक्की हवी

त्रिमूर्तीनगरकर (धागाकर्ता)

घरात आम्ही पाच जण. आम्ही दोघं, दोन मुलं (११ आणि ६ वर्षांची) आणि आई. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात वॉकरवर भागतं, बाहेर मात्र व्हीलचेअर लागतेच. महिन्यातून एकदा काटोलच्या पुढे गावी जाणं होतं. येताना तुरीच्या डाळीचं पोतं आणि आंबिया बहाराच्या दिवसांत संत्र्यांचे दोन क्रेट ठरलेले.

सध्याच्या छोट्या गाडीत व्हीलचेअर मागे मुलांच्या पायांशी आडवी टाकतो. मागच्या खेपेला काटोल रोडवर कचकन ब्रेक लागला आणि तिचा फूटरेस्ट धाकट्याच्या नडगीवर आपटला. त्याच दिवशी गाडी बदलायचं ठरवलं.

मला खरं तर इस्टेट गाडी हवी. पाचच सीट, छत शेवटपर्यंत सरळ, मागचं दार वर उघडणारं आणि डिक्कीचा तळ सपाट. आपल्याकडे टाटा इस्टेट आली, मारुतीची बलेनो अल्टुरा आली, २००४ मध्ये इंडिगो मरीना आली. एकही चालली नाही. 'मागून टेम्पोसारखी दिसते' म्हणून लोकांनी नाकं मुरडली. ज्या काही उरल्या आहेत त्या इतक्या जुन्या की काचेपासून रबरापर्यंत सगळं शोधत फिरावं लागेल.

म्हणून माझं मत असं : आज आपल्या बजेटमधली इस्टेट म्हणजे शेवटची रांग दुमडलेली सात सीटर. मारुतीच्या पहिल्या पिढीच्या एर्टिगात सगळ्या सीट उभ्या असताना मागे फक्त १३५ लिटर जागा उरते, दोन बॅगा ठेवल्या की संपली. शेवटची रांग पाडली की सपाट तळ मिळतो. रेनोच्या ट्रायबरमध्ये तर शेवटच्या सीट काढून घरीच ठेवता येतात, ८४ लिटरची जागा ६२५ होते. इंजिन पेट्रोलच हवं, कारण महिन्याचं रनिंग ७०० किलोमीटरच्या वर जात नाही. सध्या २०१५ अखेरची एर्टिगा बघितली आहे, ७२ हजार किलोमीटर, एकच मालक, मागणी ५ लाख ४०.

सेडानचा सल्ला सगळे देतात, म्हणून शेजाऱ्यांच्या सेडानमध्ये व्हीलचेअर प्रत्यक्ष घालून पाहिली. दुमडल्यावर जाडी ११ इंच, पण मागची चाकं २४ इंची. डिक्की खोल आहे, तोंड मात्र अरुंद. चाक आत गेलं आणि झाकणाच्या वाकड्या बिजागरीला हँडल अडकलं. तिरकी करून, दाबून शेवटी गेली, पण हे रोज कोण करणार?

कोणाचं वेगळं मत असेल तर सांगा. पुढच्या आठवड्यात पैसे द्यायचे आहेत.

कामठी_रोड

भाऊ, साडेपाच लाख घालून एर्टिगा काऊन घेऊन राहिले? त्याच पैशात इनोव्हा येते. २०११ ची अडीच लिटर डिझेल, नीट ठेवलेली. आमच्या गाडीचं रनिंग २ लाख ६० हजार झालं, इंजिन अजून उघडलं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला थंड हवा लागली पाहिजे. इनोव्हाचा मागचा एसी ज्यानं अनुभवला तो दुसरीकडे जात नाही. डिक्कीचं म्हणाल तर पोतं, क्रेट, व्हीलचेअर सगळं मावते.

महालवाला

कामठी_रोड, गाडी दणकट आहे हे मान्य. पण २०११ च्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२६ पर्यंतच. मग आरटीओत गाडी दाखवून फिटनेस, नूतनीकरणाची फी (१ एप्रिल २०२२ पासून कारला ५ हजार) आणि वर पर्यावरण कर. मिळणार पाच वर्षं. त्यात डिझेल पंप किंवा इंजेक्टरचं काम निघालं तर ७०० किलोमीटरच्या रनिंगवर डिझेलची बचत कधी वसूल होणार? ज्याचं महिन्याचं रनिंग दोन हजार आहे त्याच्यासाठी इनोव्हा बरोबर. ह्यांच्यासाठी नाही.

कामठी_रोड

तुम्ही फक्त हिशेब पाहून राहिले. समृद्धीवर पाच माणसं आणि सामान घेऊन १०० च्या वेगात गाडी किती स्थिर राहते ते पण मोजा ना. जड गाडीचा भरोसा वेगळाच असतो.

फिजिओ_ताई

गाडीच्या चर्चेत मी सहसा पडत नाही, पण खुब्याच्या ऑपरेशनचं वाचून राहवलं नाही. दादा, डिक्कीआधी सीटची उंची मोजा. खुबा बदललेल्या माणसाला खोल सीटवर बसवू नये. गुडघा खुब्याच्या वर गेला की सांध्यावर नको तसा ताण येतो, म्हणून सेडान बादच करा. इनोव्हाचा प्रश्न उलटा आहे. फळीवर पाय देऊन वर चढावं लागतं, आणि वॉकर धरणाऱ्या बाईला एका पायावर वजन टाकून चढवणं मला धोक्याचं वाटतं. सीट साधारण त्यांच्या कमरेच्या जरा खाली आली की उत्तम.

बसवायची रीतही लक्षात ठेवा. पुढची सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ थोडी रेलवायची. आईंनी गाडीकडे पाठ करून आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की वळणं सोपं जातं. गाडी निघण्याआधी ती पिशवी मात्र काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो. आईंना सोबत नेऊन बसवून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

सेडानच_बरी

ताईंचा मुद्दा सीटपुरता मान्य, पण सेडान बाद करायची घाई नको. टोयोटा इटिओसची डिक्की ५९५ लिटर आहे, ह्या बजेटमध्ये सहज मिळते. आणि सेडानमध्ये सामान आणि माणसं ह्यांच्यामध्ये भिंत असते. धागाकर्त्यानं स्वतःच लिहिलंय की ब्रेक लागल्यावर फूटरेस्ट मुलाला लागला. एर्टिगात ती व्हीलचेअर मुलांच्या डोक्यामागे उभी राहणार. १५-१६ किलोचं लोखंड आणि पाठीशी फक्त सीटची पाठ. ह्यावर कोणी बोलत नाही.

दोन_मुलांची_आई

सेडानच_बरी यांचं हे म्हणणं मला पटलं, आणि ते सोडून देऊ नये. पण त्यासाठी सेडानच लागते असं नाही. आमच्या गाडीत व्हीलचेअर नेहमी आडवी, सीटच्या पाठीला अगदी चिकटून ठेवतो आणि बकलच्या पट्ट्यांनी दोन बाजूंना बांधतो. क्रेट खाली, पोतं त्यांच्या पुढे. सीटच्या पाठीपेक्षा उंच काहीच रचत नाही.

सुरक्षेचं बघायचं असेल तर ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत दुसऱ्या पिढीच्या एर्टिगाला २०१९ मध्ये ३ तारे आणि ट्रायबरला २०२१ मध्ये ४ मिळाले होते, मोठ्यांच्या सुरक्षेसाठी. २०१५ च्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक लागल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) कोणत्या व्हेरिएंटला होते ते नीट तपासा, सगळ्यांना नव्हते. मी असते तर ह्याच पैशात ह्या एर्टिगापेक्षा चार वर्षांनी नवी ट्रायबर घेतली असती.

महालवाला

ट्रायबरचं इंजिन ९९९ सीसी, तीन सिलिंडर. पाच माणसं, सामान, एसी चालू आणि पचमढीचा घाट. एकदा चालवून बघा. काटोलपर्यंत ठीक आहे.

गॅरेज_मानेवाडा

मॉडेलवरून भांडून राहिले सगळे, गाडीची हालत कोणी विचारली नाही. मी २५ वर्षं गाड्या उघडून राहिलो. नागपुरात जुनी गाडी घेताना एक तारीख विसरू नका : २३ सप्टेंबर २०२३. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि कितीतरी गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्या गाड्या कुठे गेल्या? धुऊन, सुकवून, पॉलिश करून बऱ्याच बाजारात आल्या. माझ्या सख्ख्या भाच्यानं अशीच एक घेतली. चार महिन्यांनी पॉवर विंडो गेल्या, मग वायरिंग, मग एअरबॅगचा लाईट लागला तो विझेना.

ओळखायचं कसं ते सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. लोकं वरचा भाग धुतात, आत गुंडाळलेला तसाच राहतो. तिथे पिवळसर रेघ दिसली की समजा पाणी तिथवर होतं. मग ड्रायव्हर सीट मागे सरकवून खालच्या पट्टीवर गंज बघा, स्टेपनी काढून खड्ड्यात बारीक गाळ बघा, मॅट उचलून खालचा फोम नाकाशी न्या. अत्तर मारलेली गाडी असेल तर दुप्पट संशय घ्या. विम्याच्या क्लेमचा इतिहास पण मागवा.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २२१६ म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, असे टायर घेऊन शिवमडक्याहून, म्हणजे नागपूरच्या टोकाहून, समृद्धीवर चढू नका. उन्हाळ्यात काँक्रीट तापलेलं असते, जुनं रबर तिथेच फाटते.

वकील_सिव्हिल_लाईन्स

कागदांचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलण्याचे अर्ज) सह्या घेऊन 'ट्रान्सफर मग बघू' करू नका. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून विकणाराही घाई करेल, तुम्हीही करा. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, हप्ता तसा धरा.

त्रिमूर्तीनगरकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आईला आणि व्हीलचेअरला घेऊनच ती एर्टिगा बघायला गेलो. फिजिओ_ताईंनी सांगितल्याप्रमाणे पिशवी अंथरली. आई पाठमोरी टेकली, पाय वळवले, एकदाही 'आई गं' म्हणाली नाही. सेडान आणि इनोव्हा दोन्ही माझ्यासाठी तिथेच संपल्या. कामठी_रोड, राग मानू नका, आई चढू शकली असती तर तुमचंच ऐकलं असतं.

मॉडेल फेसलिफ्टनंतरचं (थोडं रूप बदलून आलेलं) आहे, शेवटची रांग अर्धी-अर्धी दुमडते. एक बाजू पाडून व्हीलचेअर उभी घातली, दुसऱ्या बाजूला मुलगा लगेच जाऊन बसला. त्याला उठवलं. तिथे त्याच्या अगदी बाजूला ते लोखंड होतं. दोन्ही बाजू पाडूनच गाडी वापरणार, पट्टे आजच आणले.

पण पुढच्या डाव्या सीटचा बेल्ट शेवटच्या वीतभर भागात मळकट आहे. रेघ नाही, सगळीकडे सारखा मळ. मालक म्हणतात, गाडी प्रतापनगरला दुसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये असते. गॅरेज_मानेवाडा, हा साधा मळ की पाणी?

गॅरेज_मानेवाडा

बाकीचे सगळे बेल्ट ओढा. पाणी शिरलं असेल तर सगळ्यांवर एकाच उंचीवर खूण दिसेल. एकट्याच बेल्टवर सारखा मळ असेल तर तो घामाचा. तरी मॅटखालचा फोम पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. रविवारी सकाळी गाडी घेऊन या, मी उचलून दाखवतो.