चिनी सुलेखनाची कार्यशाळा: कागद, ब्रश आणि शाई कोणती?

वाचक_लातूर: सुट्टीत आमच्या वाचनालयात आठवी-नववीच्या २५ मुलांसाठी दोन तासांची चिनी सुलेखन कार्यशाळा घ्यायची आहे. करून पाहिलं तर ड्रॉइंग शीटवर शाई मुरतच नाही आणि पातळ कागदावर फुटते. साहित्य कोणतं घ्यावं? शिकवावं काय? बजेट तुटपुंजं आहे.

बोरू: सगळं खळीवर, म्हणजे कागदाला दिलेल्या चिकटीवर आहे. ड्रॉइंग शीटला खळ भरपूर, म्हणून शाई वरच राहते. बिनखळीचा कागद ती ओढत सुटतो. चीनच्या आन्हुई प्रांतातल्या प्रसिद्ध श्वान (Xuan) कागदाचेही असेच दोन प्रकार आहेत. छिंगतान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून होतो तो कच्चा. त्यावर तुरटी-सरसाचा हात फिरवला की पक्का. सुलेखनाला कच्चा, बारीक चित्रांना पक्का. मुलांना कोरा न्यूजप्रिंट पुरे. खाली जुनं ब्लँकेट अंथरा, नाहीतर ओला कागद टेबलाला चिकटतो.

पेनाची शाई नको, पाण्याने फुटते. लाखेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकही नको, ब्रश कायमचा कडक होतो. काजळी आणि सरसाची तयार चिनी शाई घ्या. बशीच्या काठावर ब्रश निथळल्याशिवाय कागदाला लावायचा नाही. निम्मं फुटणं तिथंच थांबतं.

ब्रश मिश्र केसांचा घ्या. निव्वळ बकरीच्या केसांचा नवशिक्याला आवरत नाही. नव्या ब्रशचं टोक सरसाने कडक असतं, ते कोमट पाण्यात सोडवा. धुतल्यावर टोक खाली करून टांगा. टोक वर करून उभा ठेवलात तर पाणी मुळाशी उतरतं, चिकटवण सुटतं आणि केस गळतात.

पळस: पहिला अर्धा तास शाई काढूच नका. बीजिंगच्या बागांत ज्येष्ठ मंडळी पाण्याने जमिनीवर लिहितात, त्याला दीशू म्हणतात. तुमच्याकडे शहाबादी फरशी असेलच. ओली रेघ काळीभोर उमटते, वाळली की पाटी कोरी.

वाचक_लातूर: फरशी पॉलिशची आहे. चालेल?

पळस: नाही, पाण्याचे थेंब होतात. व्हरांड्यातली खडबडीत फरशी घ्या, आणि सावलीतली. आपल्याकडच्या उन्हात अक्षर पुरं व्हायच्या आत सुरुवात उडून जाईल.

आधी फक्त आडवी रेघ: ब्रश उभा धरून टेकवा, दाबा, ओढा, शेवटी किंचित मागे वळवून उचला. मग उभी रेघ. नंतर 永 (योंग) हे एकच अक्षर. सुलेखनाचे आठ मूळ फटकारे त्यात येतात, म्हणून चीनमध्येही सरावाला हेच देतात. दोन तासांत दहा अक्षरं उरकण्याचा मोह टाळा.

वेरूळकर: भिंतीवर चिनी प्रवासी ह्युएन त्संगचा तक्ता लावा. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला होता. त्याच्या वृत्तांतात डोंगरातला एक विहार आहे, दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. अभ्यासक तो विहार अजिंठा मानतात. लेणं क्र. १६ च्या पायथ्याशी ते हत्ती आहेत, त्यांचा फोटो शेजारी लावा.