मदत हवी आहे : बिअर्डेड ड्रॅगन पाल्याला तोंडच लावत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला असतो. मार्चमध्ये ओळखीचं एक कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं आणि त्यांचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडा, आमच्याकडे आला. वय दीड वर्ष, वजन ३२० ग्रॅम. लेकाने त्याचं नाव गुंड्या ठेवलंय आणि त्याचा फार जीव आहे त्याच्यावर. माझाही जडलाय आता.

अडचण खाण्याची आहे. गुंड्या फक्त रातकिडे खातो, रोज पंधरा-वीस. पालक बारीक चिरून ठेवला, लेट्यूस ठेवलं, काकडी किसून पाहिली. बशी पुढे केली की डोळे मिटून घेतो. एकदा मेथीच्या पानावर रातकिडा ठेवला, तर जिभेने किडा नेमका उचलला आणि जबड्याला चिकटलेलं पान फरशीवर घासून काढलं. दुकानदार म्हणाला होता, रातकिडे द्या, बाकी काही लागत नाही.

कॅल्शियमची पावडर आहे, आठवेल तेव्हा भुरभुरवते. यूव्हीबीची (अतिनील किरणांची) ट्यूब त्या कुटुंबाकडूनच आलेली, किती जुनी ते ठाऊक नाही. पण टाकी दक्षिणेच्या खिडकीशी आहे, दिवसभर ऊन येतं.

रविवारी लेकाने त्याला हातावर घेतलं तेव्हा मागच्या पायाची बोटं थरथरताना दिसली. कालही तेच. म्हणून आज लिहायला बसले.

किडे किती आणि कधी द्यायचे? देशी दुकानात मोहरीची पानं, शेवगा, शेपू मिळतं, त्यातलं काय चालेल? आणि अंगणात आता काजवे दिसायला लागलेत. लेक म्हणतो पकडून देऊ या. देऊ का?

प्रतिसाद १

ताई, आधी काजव्यांचं. अजिबात देऊ नका, एकही नाही. त्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि एका काजव्याने बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. लेकाला आजच सांगा. अंगणातले बाकीचे किडेही नकोत, कुणी कुठे काय फवारलंय कळत नाही.

आता थरथर. ही कॅल्शियम कमी पडल्याची खूण असू शकते. वेळ गेला तर हाडं मऊ होतात, जबडा रबरासारखा लागतो, पाय वाकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर शोधून याच आठवड्यात दाखवा. एक्स-रे आणि रक्त तपासतील. घरच्या घरी पावडरचा मारा करू नका, डी३ जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय होतो.

कारण तुमच्या लिहिण्यातच दिसतंय. रातकिड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. हवं असतं उलट, कॅल्शियम साधारण दुप्पट. म्हणून किड्यांना पावडर लावायची आणि आदल्या दिवशी त्यांनाच चांगला पाला खाऊ घालायचा. किड्याच्या पोटात जे असतं तेच गुंड्याच्या पोटात जातं. शिवाय खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. ऊन दिसतं, पण त्याच्या अंगात डी३ तयार होत नाही आणि मग खाल्लेलं कॅल्शियमही लागू पडत नाही. ट्यूब पेटलेली दिसली तरी वर्षभरात तिचा जोर गेलेला असतो. नवीन आणा, आणि ट्यूब व गुंड्या यांच्यामध्ये काच येऊ देऊ नका.

प्रतिसाद २

मी मेलबर्नला असतो, आमची बिअर्डेड ड्रॅगन नऊ वर्षांची आहे. पिल्लू असताना किडे जास्त लागतात, पण दीड वर्षाचा म्हणजे मोठा झाला. आता रोज पाला आणि आठवड्यातून दोन-तीनदाच किडे, तेही मोजके. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

पालक बंद करा. मुतखडा झालेल्याला पालक जपून खायला सांगतात ना, तेच ऑक्झॅलेट इथे कॅल्शियम बांधून ठेवतं. अळू आणि चुकाही त्याच कारणाने नको. लेट्यूस-काकडीत पाण्यापलीकडे फारसं काही नाही. मोहरीची पानं आणि शेवग्याचा पाला उत्तम, लाल भोपळा कच्चा किसून द्या. मेथी अधूनमधून. अॅव्होकाडो कधीच नाही, तो विषारी आहे.

सवय लावायची तर सकाळी दिवा लागून तासभर झाला, अंग तापलं, की पहिल्यांदा फक्त पाला. किडे दुपारी. आमचीने पहिल्यांदा खाल्लं ते लाल ढोबळी मिरचीचा तुकडा चिमट्यात धरून हलवला तेव्हा. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या मिळाल्या तर पाल्यात सोडा. त्या वळवळतात म्हणून तो तोंड घालतो, आणि त्यांच्यात मुळात कॅल्शियम चांगलं असतं. पण हे हट्टाचं काम डॉक्टरांना दाखवल्यानंतर. आत्ता त्याला उपाशी ठेवू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार दोघांचे. काजव्यांचं वाचून हात गार पडले. लेकाने कालच बरणी धुऊन ठेवली होती. गुरुवारी साडेदहाची वेळ मिळाली आहे. नवी ट्यूब संध्याकाळी आणते, शेवगाही. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच कळवते.