झायलीन दुधाळ होतंय, बायोप्सीचा भुगा होतोय: क्लिअरिंग एजंट बदलावा का?

इंदूर_हिस्टोलॅब
आमचा १२ स्टेशनचा उघडा, फिरता प्रोसेसर आहे, म्हणजे तपासायच्या ऊतीतलं पाणी काढून तिच्यात मेण भरणारं यंत्र. क्रम असा: फॉर्मालिन २ बीकर, मग ७०, ८०, ९५ टक्के अल्कोहोल, ॲब्सोल्यूट (निर्जल अल्कोहोल) ३, झायलीन २ (हाच क्लिअरिंग एजंट, अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणारा), मेण २. झायलीनमध्ये प्रत्येकी दीड तास. पावसाळा लागल्यापासून पहिलं झायलीन दुधाळ होतंय. गर्भाशयाचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) मधोमध खचतात आणि त्याच फेरीतल्या एंडोस्कोपीच्या बायोप्सी मायक्रोटोमवर (पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) भुग्यासारख्या सुटतात. वासाचाही त्रास आहेच. लिमोनिन, म्हणजे संत्र्याच्या सालीतलं ते द्रावक, किंवा क्लोरोफॉर्म घ्यावं असा विचार करतेय. कोणतं बरं?

राजवाडा_पॅथ
ताई, एजंट इतक्यात बदलू नका. हे आजार रेड्याला आणि औषध पखालीला असं होईल. दुधाळपणा म्हणजे पाणी. झायलीन ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये हवं तितकं मिसळतं, पाण्यात नाही. अल्कोहोलसोबत पाणी आलं की त्याचे बारीक थेंब झायलीनमध्ये तरंगतात. तुकड्याच्या गाभ्यातही तेच पाणी अडकतं, तिथे मेण शिरत नाही आणि ब्लॉक मधोमध बसतो.

ॲब्सोल्यूट हवेतला ओलावा ओढतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ते लवकर बिघडतं. शेवटच्या ॲब्सोल्यूटच्या तळाशी निर्जल मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) १ ते २ सेंटिमीटर थर द्या, वर फिल्टर पेपर. बास्केट त्यावर टेकता कामा नये. पांढरी पूड निळी पडली की अल्कोहोल बदलायचं. बदलताना पहिला बीकर टाकून द्या, दुसरा आणि तिसरा एकेक घर पुढे सरकवा, ताजं नेहमी शेवटी.

फेरी अर्ध्यात अडकली असेल तर कॅसेट ताज्या ॲब्सोल्यूटमध्ये परत न्या, तासातासाचे दोन बदल, मग नवं झायलीन. दुधाळ झालेलं गाळून वापरू नका, गाळल्याने पाणी जात नाही.

ब्लॉक_आणि_रिबन
पाण्याचं पटलं. बायोप्सीचा भुगा मात्र त्याच्या उलट कारणाने होतोय. १-२ मिलिमीटरच्या तुकड्याला ३ तास झायलीन म्हणजे तो कडक आणि ठिसूळ होणारच. मोठे नमुने आणि बायोप्सी एका फेरीत घालूच नका.

बायोप्सी: प्रत्येक अल्कोहोलला २० मिनिटं, झायलीन १५ मिनिटांचे दोन बदल, मेण अर्ध्या तासाचे दोन.
मोठे तुकडे: जाडी ३ मिलिमीटर, फार तर ४. झायलीन तासाभराचे दोन बदल. स्तनाच्या चरबीला जास्त वेळ द्यावा लागतो, तिथे वेळ वाढवण्याआधी तुकडा पातळ कापा.

झायलीनमधून काढलेला तुकडा दिव्यासमोर धरून बघा. नीट क्लिअर झालेला तुकडा शिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक दिसतो. मधे पांढरा डोळा राहिला असेल तर साबुदाण्यासारखाच कच्चा आहे, तो मेणात टाकू नका. झायलीनचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) १.५० च्या आसपास, ऊतीतल्या प्रथिनांच्या जवळचा, म्हणून ही परीक्षा जमते. क्लोरोफॉर्ममध्ये तुकडा असा पारदर्शक होत नाही, तिथे फक्त घड्याळावर भरवसा.

इंदूर_हिस्टोलॅब
बायोप्सीची फेरी आजपासून वेगळी करते. पण वासामुळे पुढेमागे बदलायचंच ठरलं तर?

राजवाडा_पॅथ
आधी पंख्याची जागा बघा. झायलीनची वाफ हवेपेक्षा जड असते. छताजवळचा एक्झॉस्ट तिला तुमच्या नाकावरून वर ओढतो, तो टेबलाच्या उंचीला किंवा त्याखाली हवा. लेटेक्सचे हातमोजे झायलीनपुढे टिकत नाहीत. नायट्राइलचे घ्या, तेही शिंतोड्यापुरतेच, भिजले की लगेच बदला. आणि झायलीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, ३० अंशांच्या आसपास आहे. मे महिन्यात आपल्याकडे ४० ओलांडतं, तेव्हा बंद खोलीत बर्नर पेटवणं हा सरळ आगीला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

क्लोरोफॉर्म पेट घेत नाही, ऊतीला कमी कडक करतं, मेंदूच्या तुकड्यांना चांगलं. पण सावकाश भिनतं, तुकडे त्यावर तरंगतात, रबरी सील खराब होतात, आणि फार तापलं की फॉस्जीन हा विषारी वायू होतो. तुमच्या उघड्या प्रोसेसरमध्ये तर नकोच.

लिमोनिनचा उत्कलनबिंदू १७६ अंश, झायलीनचा १४० च्या आसपास. त्यामुळे ते मेणातून सहज उडून जात नाही, साठत जातं, मेण मऊ पडतं आणि रिबन (कापांची सलग पट्टी) नीट येत नाही. पाणी तर त्याला झायलीनइतकंही खपत नाही. म्हणजे मोरचूद निळा न पडता निदान दोन आठवडे फेऱ्या नीट निघाल्या, तरच त्याची लहान बाटली मागवा. एकाच नमुन्याचे दोन तुकडे करून एक झायलीनमध्ये, एक लिमोनिनमध्ये घ्या. मेणाचा पहिला बीकर मात्र आतापेक्षा दुप्पट वेळा बदलायची तयारी ठेवा.